गड आला, पण पडदा काळा

पुण्यात एखाद्या कंपनीनं नवं ऑफिस थाटलं की मीटिंगच्या खोल्यांना नावं काय द्यायची असा प्रश्न निघतो आणि एचआरची मंडळी सरळ सह्याद्रीकडे बोट दाखवतात. सिंहगड, तोरणा, राजगड, रायगड. वीस खुर्च्यांची आणि साहेबांच्या केबिनला लागून असलेली ती रायगड. दोन माणसं आणि एक फोन कसाबसा मावतो ती पुरंदर. त्यामुळे कॉरिडॉरमध्ये दिवसभर जे कानावर पडतं ते ऐकून नवख्याला वाटावं की इथून मोहीम निघणार आहे. "तोरणा आपल्याकडे चारपर्यंतच आहे हं." "सिंहगडावर फायनान्सवाले बसलेत, वेळ संपली तरी उतरत नाहीत." "रायगड अडवू नका, साहेबांना लागणार आहे." बंगळुरूहून फोनवर सामील झालेला माणूस 'टोराना'त भेटू म्हणतो, तेव्हा आपण जीभ चावतो आणि हो म्हणतो.

गड घेणं अवघड नाही. कॅलेंडरवर नाव टाकायचं, वेळेच्या आधी दाराशी जायचं आणि आतल्या लोकांकडे काचेतून टक लावून बघत राहायचं. लढाई आत शिरल्यावर सुरू होते. लॅपटॉपवरचं चित्र भिंतीवरच्या टीव्हीवर आणायचं असतं, आणि तेही वायर न लावता. वायर का नाही लावायची? तर आपण आता वायरलेस झालो आहोत. तसा अ‍ॅडमिनचा मेल येऊन गेलाय आणि त्याला साहेबांनी अंगठा दाखवलाय. म्हणजे वर केलेला.

मीटिंग अकराची असली तर अकराला जे सुरू होतं त्याला मीटिंग म्हणत नाहीत, 'कनेक्ट करणं' म्हणतात. त्या वेळी खोलीत जे वातावरण असतं ते मी फक्त लग्नमंडपात, अंतरपाट धरल्यावर पाहिलंय. पलीकडचं कोणालाच दिसत नाही, मुहूर्त टळत चाललाय, अक्षता मुठीत ओल्या व्हायला लागल्यात, आणि ज्याचं लग्न आहे तो सोडून बाकी सगळे सूचना देतायत. ज्याचं लग्न आहे तो बिचारा घाम पुसत टचपॅडवर बोट फिरवत असतो. दोन्हीकडच्या पत्रिका मुळात जुळत होत्या का, हे पुरोहितांना, म्हणजे आयटी विभागाला, सगळ्यात शेवटी विचारलं जातं.

माझं तर ठाम मत आहे की ही दहा-पंधरा मिनिटं हीच त्या दिवसाची खरी मीटिंग. एकदा का चित्र दिसलं की खेळ खलास. पुढचा तासभर एक जण बोलतो आणि बाकीचे टेबलाखाली मोबाइल बघतात. पडदा काळा आहे तोवर मात्र सगळे टक्क जागे असतात. एरवी साहेबांना कॉपीत ठेवल्याशिवाय एकमेकांना मेल न लिहिणारे दोन विभागप्रमुख एकाच लॅपटॉपवर डोकं घालून "इथं बघ, इथं खाली बाण असेल" म्हणत असतात. साहेब कोणाच्या तरी मुलीची दहावी कशी गेली ते विचारतात. कोणाची बदली, कोणाचा राजीनामा, कँटीनचा ठेका कोणाच्या मेहुण्याला गेला, सगळं याच वेळात कळतं. रजा मागायची तर हीच घटका. साहेबांचं लक्ष टीव्हीकडे असतं, हाताला काम नसतं आणि मन मऊ झालेलं असतं. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करू द्यावं की नाही, हा आमच्याकडे कित्येक महिने लोंबकळलेला प्रश्न 'डिव्हाइस सापडत नाही' आणि 'पिन टाका' यांच्या मधल्या वेळात सुटला. साहेब म्हणाले, "द्या की हो, काय बिघडतंय," आणि विषय संपला. मग चित्र आलं. त्यानंतर याच विषयावरच्या चाळीस स्लाइड आम्ही निमूटपणे पाहिल्या, कारण त्या करून आणल्या होत्या.

पूर्वी ओव्हरहेड प्रोजेक्टर होता. त्यावर पारदर्शक शीट ठेवायची, ती उलटी पडली की सुलटी करायची, संपलं. आत्ताच्या पोरांना खरं वाटत नाही, पण पॉवरपॉइंटचा जन्मच मुळी या शीट छापायला झाला. एप्रिल १९८७ मध्ये ते बाजारात आलं ते फक्त मॅकिंटॉशवर, आणि तेही कृष्णधवल. बरोबर त्याच महिन्यात आयबीएमनं पीएस/२ हे संगणक आणले आणि त्यांच्या पाठीवरून व्हीजीए जगात आलं. म्हणजे दाखवायची वस्तू आणि ती दाखवायची वायर एकाच महिन्यातली. पण पॉवरपॉइंटला शीट सोडून थेट पडद्यावर रंगीत चित्र दाखवायची बुद्धी व्हायला १९९२ उजाडलं.

व्हीजीएची वायर म्हणजे निळ्या तोंडाची, तीन ओळींत पंधरा पिनांची, दोन्ही बाजूंना स्क्रू. हे स्क्रू पूर्ण आवळायचे की नुसते टेकवायचे यावर ऑफिसात दोन पंथ होते. आवळणाऱ्यांकडून वायर सुटता सुटायची नाही आणि टेकवणाऱ्यांची ऐन आकडेवारीत गळून पडायची. लाल, हिरवा आणि निळा या रंगांना एकेक पिन; निळ्याची वाकली की पांढरं तेवढं सगळं पिवळं. त्या काळात तोट्याचा ताळेबंदसुद्धा हळद लागून यायचा आणि शुभ वाटायचा. लॅपटॉपवर एफएनबरोबर कोणतं बटण दाबायचं हे प्रत्येक कंपनीनं वेगळं ठेवलं होतं. कोणाचं एफ पाच, कोणाचं एफ सात, कोणाचं एफ आठ; माणसं सगळी बटणं दाबून बघायची आणि एखाद्याचा लॅपटॉप झोपी जायचा.

तरी वायरीचा एक मोठा गुण होता. दोष कुठं आहे ते दिसायचं. हलवून बघायची, जरा वाकवून धरायची, चित्र आलं की एखाद्या नव्या पोराला ती तशीच धरून उभं करायचं. त्याची मीटिंगमधली पहिली जबाबदारी ती. आणि सभा कोणाची याबद्दल वाद नव्हता, ज्याच्या हातात वायर त्याची. दुसऱ्याला बोलायचं असेल तर आधी ती मागावी लागायची, आणि देणारा कुरकुर करत द्यायचा. आता हवेतून कोणीही येतो.

हवेतल्या कारभारातही भाऊबंदकी आहेच. अ‍ॅपलनं २०१० मध्ये एअरप्ले आणलं, वाय-फाय अलायन्सनं २०१२ मध्ये मिराकास्ट, गूगलनं २०१३ मध्ये ३५ डॉलरचं क्रोमकास्ट. काम तिघांचं एकच, इकडचं चित्र तिकडे नेणं. पण तिघांचा एकमेकांशी रोटीबेटी व्यवहार नाही. विंडोजला मिराकास्ट येतं, एअरप्ले येत नाही. मॅकला एअरप्ले येतं, मिराकास्ट येत नाही. टीव्हीला यांतलं काय येतं हे तो विकत घेताना विचारायचं असतं, पण खरेदी विभाग किती इंच ते विचारतो.

बरं, एकमेकांना शोधायचं कसं? एअरप्ले आणि कास्टवाले लॅपटॉप आपल्या नेटवर्कमध्ये सगळ्यांना उद्देशून हाक देतात, इथं कोणी पडदा आहे का? जो असतो तो ओ देतो. ही हाक नेटवर्कच्या कुंपणापलीकडे सहसा जात नाही, आणि ऑफिसात कुंपणं भरपूर. कर्मचाऱ्यांचं वाय-फाय वेगळं, टीव्ही, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचं वेगळं, पाहुण्यांचं आणखी वेगळं. पाहुण्यांच्या वाय-फायवर तर एका यंत्राला शेजारचं यंत्र दिसूच नये अशी मुद्दाम व्यवस्था केलेली असते, सुरक्षेसाठी. त्यामुळे नागपूरहून पहाटेच्या विमानानं आलेला ग्राहक टीव्हीपासून दोन हातांवर बसून हाका मारत राहतो आणि टीव्ही ढिम्म. मिराकास्टला हे कुंपण आडवं येत नाही. ते राउटरला न विचारता लॅपटॉप आणि टीव्हीचं परस्पर जमवून टाकतं. पण असं परस्पर जमवलेलं कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला खपत नाही. ते मोडता घालतं आणि कारण सांगत नाही. नुसतं 'कनेक्ट होऊ शकलं नाही' असं येतं. मोठी माणसं नकार कळवतात तसंच, पुन्हा प्रयत्न करा म्हणून.

त्यात २.४ गिगाहर्ट्झची वाट म्हणजे लक्ष्मी रोड. जुनं वाय-फाय, ब्लूटूथ, बिनवायरचे माउस, सगळे तिथूनच जाणार. आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात घुमतो. आमच्या तोरण्याच्या भिंतीपलीकडे पॅन्ट्री आहे. साडेबाराला डबे गरम व्हायला लागतात. पॅन्ट्रीतल्या मामांना गिगाहर्ट्झ माहीत नाही, पण शोध त्यांचाच. ते एकदा चहा ठेवता ठेवता म्हणाले, "सर, मटकीची उसळ आत गेली की तुमचं चित्र अडकतंय. चपातीला काय होत नाही, ती दहा सेकंदांत होते." आयटीवाल्यांनी आधी हसून घेतलं, मग ओव्हन लावून बघितला, मग हसले नाहीत. तेव्हापासून तोरण्यावर मोठी मीटिंग असली की मामा ओव्हनसमोर उभे राहतात आणि प्रत्येकाच्या डब्यात डोकावून "रस्सा आहे का सुकं?" विचारतात. रस्सेवाले थांबतात.

ज्या देशात हे चाललंय त्याच देशात जगदीशचंद्र बोसांनी १८९५ च्या सुमाराला, कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये, बिनतारी लहरी भिंतींच्या आरपार पाठवून दूरची घंटा वाजवून दाखवली होती आणि बंदुकीची दारूही पेटवली होती. त्यांना कोणी पिन विचारला नव्हता.

यादी हा या प्रकरणातला सगळ्यात वाचनीय भाग. विंडोजचं बटण आणि के एकदम दाबले की पडद्याच्या कडेला ती उघडते. तीत सिंहगड असतो, तोही तीन स्पेलिंगांत, कारण टीव्ही बदलत गेले आणि दर वेळी नाव टाकणारा वेगळा होता. जुने टीव्ही भंगारात गेले तरी लॅपटॉप त्यांची आठवण काढत राहतो, त्यामुळे तिघांतला हयात कोण ते दाबल्याशिवाय कळत नाही. त्याखाली कोणाचे तरी हेडफोन. मग वरच्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यातला टीव्ही. मग मागच्या सोसायटीतली 'आईबाबांची खोली'. आमचा तिमाहीचा विक्रीचा आलेख एकदा दवाखान्यात उमटला होता असं सांगतात. खुर्चीत तोंड उघडून पडलेल्या माणसाला तो शेवटपर्यंत बघावा लागला असणार.

पिनचं प्रकरण त्याच्या पुढचं. टीव्हीवर आठ आकडे उमटतात आणि ते मोठ्यानं वाचायचा मान खोलीतल्या ज्येष्ठाकडे जातो. अकाउंट्सचे काका चष्मा कपाळावर चढवून सुरुवात करतात, "एकोणऐंशी... चौसष्ट..." लॅपटॉपवर बसलेली मुलगी विचारते, "सेव्हंटी-नाइन की एटी-नाइन?"

"एकोणऐंशी गं, एकोणऐंशी!"

"हो काका, पण ते किती?"

तोवर पिनची मुदत संपते आणि नवे आकडे येतात. त्यात एकोणसत्तर असतो.

दाराशेजारी, स्विचबोर्डाच्या वर, सूचनांचा लॅमिनेट केलेला कागद लावलेला असतो. त्याच्या डाव्या कोपऱ्यात हवा शिरून फुगा आलेला. सूचना क्रमांक दोनमध्ये वाय-फायचा पासवर्ड आहे, तो लॅमिनेशनवरूनच मार्करनं खोडलाय आणि शेजारी नवा लिहिलाय. तो नवाही खोडलाय, आणि पुढचा लिहायला जागा न उरल्यानं बाण काढून थेट भिंतीवर नेलाय. सूचना चारमध्ये जे अ‍ॅप उघडायला सांगितलंय ते आता मिळत नाही. सगळ्यात खाली ठळक अक्षरांत 'टीव्हीला हात लावू नये'. टीव्हीला हात लावायची वेळ येतेच, कारण रिमोट सापडत नाही, आणि सापडला तर त्याच्या पाठीवरचं झाकण गेलेलं असून सेल चिकटपट्टीनं बांधलेले असतात. साहेब तो हातात घेतात. साहेबांच्या हातातून रिमोट काढून घेण्याची कोणाची छाती नसते, त्यामुळे ते 'सोर्स' दाबत राहतात आणि आम्ही बघत राहतो. एचडीएमआय एक, एचडीएमआय दोन, मग कुठल्याशा सिनेमाची जाहिरात, मग पुन्हा एचडीएमआय एक.

अशा वेळी कोणीतरी म्हणतंच, "काल तर चालत होतं." लोक यावर हसतात, पण ते खोटं नसतं. मार्च २०२५ मध्ये जगभरातले दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट एका दिवसात मान टाकून पडले. काल चालत होते. कोणी हात लावला नव्हता, पाडले नव्हते, चहा सांडला नव्हता. आतल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती, एवढंच. गूगल असो की तहसीलदार, काम शेवटी दाखल्यापाशीच अडतं.

सल्ला द्यायला मात्र कोणताही दाखला लागत नाही. "बंद करून चालू कर" हा सार्वत्रिक. "माझ्या मॅकवरून करू का?" असं मार्केटिंगचा माणूस विचारतो, आणि त्याच्या आवाजात मदतीपेक्षा मॅक जास्त असतो. एक गृहस्थ दर वेळी आपल्या जुन्या कंपनीत कसं सगळं दोन सेकंदांत व्हायचं ते सांगतात. ती सोडून का आले ते सांगत नाहीत. नेमकं काय चुकलंय ते कोपऱ्यातल्या इंटर्नला कळलेलं असतं, पण तिला कोणी विचारत नाही आणि ती आपणहून बोलत नाही, कारण तिला इथं कायम व्हायचंय.

शेवटी आयटीच्या मुलाला फोन जातो. तो येतो, दारातून विचारतो, "काय केलंत?" आणि खोलीतले सगळे एका सुरात "काहीच नाही" म्हणतात. तो बसतो, न बोलता काहीतरी दाबतो, चित्र येतं. तो उठून दारापर्यंत जातो, चित्र जातं. हे इतक्या नेमानं घडायला लागलं की आता त्याला जाऊच देत नाहीत. भिंतीकडची एक खुर्ची त्याचीच आहे. परिणाम असा झालाय की कंपनीतल्या झाडून सगळ्या मीटिंगना हजर असलेला तो एकमेव माणूस आहे. विक्री काय म्हणते, वसुली कुठं अडलीय, कोणाला काढणार आहेत, त्याला सगळं ठाऊक असतं, कारण त्याच्यासमोर बोलताना कोणी आवाज खाली आणत नाही. यंदाच्या पगारवाढीचा आकडा मला त्याच्याकडून कळला. पत्र यायच्या आधी पंधरवडाभर. बरोबर निघाला.

चित्र आलं म्हणजे सुटलो असं नाही. आधी आवाज पळतो. लॅपटॉपचा आवाज गुपचूप टीव्हीकडे गेलेला असतो आणि टीव्हीचा आवाज कोणीतरी शंभरावर ठेवलेला असतो, त्यामुळे मेल आल्याची साधी टिंग गडाच्या नगाऱ्याएवढी वाजते. मग पडदा 'डुप्लिकेट' ऐवजी 'एक्स्टेंड' झालेला निघतो. म्हणजे टीव्हीवर दिसतो तो नुसता वॉलपेपर, बाळाच्या जावळाचा फोटो, आणि सादरकर्ता लॅपटॉपवर स्लाइड शोधतोय. ती खिडकी उजवीकडे ढकलत न्यायची असते, पण टीव्ही त्याच्या डावीकडे टांगलेला. माणूस मान एका बाजूला आणि माउस दुसऱ्या बाजूला असा पिळवटून निघतो. बाण तर हात हलवल्यावर जरा वेळानं हलतो, कारण पडद्याचं चित्र आधी दाबून लहान करायचं, हवेतून पाठवायचं आणि पलीकडे पुन्हा फुलवायचं एवढी उस्तवार मधे असते. स्लाइडला ते चालून जातं. एक्सेलचे बारीक आकडे मात्र या दाबादाबीत असे विरघळतात की तीन आहे की आठ यावर चर्चा होते, आणि ज्याच्या विभागाला आठ सोयीचा तो आठ म्हणतो.

आणि निरोप टपकतात. थकबाकीदार ग्राहकांकडून पैसे वसूल करण्याबद्दल आमचे एक सहकारी फार कळकळीनं बोलत होते. "प्रश्न पैशांचा नसतो, प्रश्न वृत्तीचा असतो," असं ते म्हणाले आणि पडद्याच्या कोपऱ्यात सोसायटीच्या ग्रुपवरचा मजकूर वर आला: 'बी विंग ४०३ यांनी तिसरी आठवण देऊनही मेंटेनन्स भरलेला नाही.' ते कुठं राहतात हे आम्हाला गेल्या वर्षीच्या सत्यनारायणापासून माहीत आहे.

हल्ली चित्र न येण्यावरही तोडगा निघालाय. पंधरा मिनिटं गेली की कोणीतरी वैतागून म्हणतं, "अरे, कॉलवरच शेअर कर ना." कारण फ्रँकफर्टची मंडळी केव्हाची कॉलवर येऊन बसलेली असतात. त्यांना चित्र दिसत नसतं, पण आवाज अकरापासून चोख जात असतो. रजा, राजीनामे आणि कँटीनचा ठेका त्यांनी सगळं ऐकलेलं असतं. मग आम्ही दहा जण आपापले लॅपटॉप उघडतो. एका खुर्चीवरचं चित्र कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर जाऊन शेजारच्या खुर्चीवर परत येतं. दोघांचे माइक चालू राहिले की खोली कोकलायला लागते. रायगडावर दहा माणसं मान खाली घालून दहा छोट्या पडद्यांत बघतायत आणि समोर पंचाहत्तर इंच काळे, त्यात आमचीच प्रतिबिंबं. या अवस्थेला आमच्याकडे 'हायब्रिड' म्हणतात.

गेल्या वर्षी गोल बटणं आली. बेल्जियमच्या बार्को कंपनीनं २०१२ मध्ये ही कल्पना बाजारात आणली: यूएसबीची शेपटी असलेली चकती, ती लॅपटॉपला लावायची, वरचं बटण दाबायचं, चित्र टीव्हीवर. आता बऱ्याच कंपन्या तशी करतात. आमच्याकडची कोणाची ते सांगत नाही, कारण तिचा काही दोष नाही. कल्पना उत्तम आहे. फक्त चकतीची जोडी ज्या खोलीशी जमवलेली असते तिच्याशीच ती एकनिष्ठ राहते, आणि चकत्या सगळ्या दिसायला सारख्या. कोणीतरी सिंहगडाची चकती खिशात घालून तोरण्यावर जातो, दाबतो, तोरण्यावर काहीच येत नाही, म्हणून आणखी दाबतो. तिकडे सिंहगडावर फायनान्सवाल्यांच्या ताळेबंदावर अचानक मार्केटिंगचा नाचणारा मोदक येतो, जातो, पुन्हा येतो. मग दार उघडून ओरडणं: "तोरण्यावरून कोण सोडतंय रे?" एवढी उघड चढाई ऑफिसात दुसरी होत नाही. अ‍ॅडमिननं प्रत्येक चकतीला गडाच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. हाताच्या घामानं ती महिन्यात निघाली.

आणि हे सगळं चालू असताना टेबलाच्या मधोमध एक चौकोनी झाकण असतं. ते उचललं की खाली एचडीएमआयची जुनी केबल गुंडाळून ठेवलेली, सोबत एका कडीत अडकवलेले चार अडॅप्टर, आणि कोणाचा तरी शेंगदाणा. तिची सगळ्यांना आठवण असते. पण पहिल्या पाच मिनिटांत तिचं नाव काढलं तर माणूस मागासलेला ठरतो. दहाव्या मिनिटाला तो व्यवहारी ठरतो. आणि विसाव्या मिनिटाला साहेब स्वतः झाकण उचलतात तेव्हा ती त्यांची कल्पना ठरते.

जोडण्याचं हे एवढं रामायण, पण तोडण्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. वायर होती तेव्हा लॅपटॉप उचलला की ती सुटायचीच. आता माणूस लॅपटॉप उघडा तसाच हातावर घेऊन जागेवर येतो, आणि जागा गडाच्या पायथ्याशी असेल तर दुवा शाबूत राहतो. आमचा एक तरुण सहकारी असाच रायगडावरून उतरला, जागेवर टेकला आणि दुपारच्या शांत वेळी आपला बायोडेटा नीट करायला बसला. वर तोवर एचआरची मंडळी जमली होती. बैठकीचा विषय 'लोक आपल्याला सोडून का जातात' हा होता, त्यामुळे पडद्यावर बायोडेटा बघून त्यांना वाटलं, कोणीतरी नमुना करून आणलाय. वाचायला लागले. त्यानं नाव ठळक केलं, त्यांनी पाहिलं. 'टीमचं नेतृत्व केलं' अशी ओळ घातली, थोडं थांबून पुढे 'यशस्वीपणे' जोडलं. एकीनं मान डोलावली. छंदांत त्यानं 'दुर्गभ्रमण' लिहिलं. अर्ध्या तासानं त्याच्या चॅटवर एचआरचा निरोप आला, आणि तो रायगडावरही सगळ्यांना मोठ्या अक्षरांत वाचता आला: 'बाकी छान जमलंय. फक्त अनुभव सहा वर्षं लिहिलायस, आमच्या रेकॉर्डला साडेचार आहे.'